अकरा सेकंद थांबणारं इंजीन

१ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा थांबलं! छोट्या आगगाड्या बनवणाऱ्या आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये, सगळ्या सभासदांसमोर, बोगद्यातून बाहेर पडल्यावर तीन हातांवर. मोजून नऊ सेकंद उभं. मग काही झालंच नाही अशा थाटात चालू लागलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सचिवांना म्हणाले, "इंजीन माझं आहे. रेडिओ ह्याचा आहे." झालं! धावणं त्यांचं, थांबणं माझं.

चार वर्षं लागली त्यांना. निवृत्त झाल्यावर कातकामाचं लेथ मशीन घरी आणलं आणि पितळेच्या पत्र्यातून, सळईतून एकेक भाग काढला. चिमणीपासून चाकापर्यंत. मांडीवर घेतलं तर लहान मुलाएवढं वजन. नाही कोण म्हणतंय? काम बघून माझेही डोळे दिपतात. पण आत मोटर, बॅटरी आणि रिसीव्हर मी बसवला, त्याबद्दल एक शब्द नाही.

रिमोटवर एकच दांडी. अंगठ्याने पुढे ढकलली की इंजीन पुढे. अंगठा उचलला की स्प्रिंगने दांडी मधे येते आणि इंजीन थांबतं. हे मी मुद्दाम ठेवलं, अपघात नको म्हणून. आणि रिमोटचा संदेश तुटला तरी रिसीव्हर मोटर बंद करतो. तेही मीच ठेवलं. म्हणजे आता संदेश तुटतोय. कुठे, का, ते शोधायचं.

सचिव जाताना म्हणाले, "पंधरा मार्चला प्रदर्शन. बाबा चालवणार, अर्धा तास, न थांबता. झालं तर दुरुस्तीची खोली तुझी. पक्की नोकरी. पण बघ बुवा, ज्याच्या घरचं इंजीन थांबतं त्याला आम्ही कसं ठेवायचं?"

बरोबरच आहे त्यांचं. टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद झाल्यापासून आठ महिने मी घरी बसून आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

नियम: एका वेळी एकच बदल. प्रत्येक थांबा लिहायचा. वेळ, जागा, अंतर, बॅटरी.

आज बॅटरी. पूर्ण भरली, मोजली, चालवली. मागच्या अंगणात रूळ मांडलेत, लांबट गोल. मी वीस मिनिटं चालवलं. एकदाही नाही थांबलं. बाबांनी रिमोट घेतला. चौदाव्या मिनिटाला थांबलं. सात सेकंद. बॅटरी तेव्हाही पुरेशी होती.

"लावलेस दिवे," बाबा म्हणाले.

५ फेब्रुवारी

मोटरच्या ठिणग्यांमुळे रेडिओत खरखर येऊ शकते. दोन्ही टोकांना कपॅसिटर डकवले. सोल्डरचा टाका स्वच्छ बसला.

थांबलं. अकरा सेकंद.

८ फेब्रुवारी, रविवार

हॉलमध्ये. आमच्या मंडळात एक काका आहेत, त्यांना सगळे फुंकरकाका म्हणतात. काहीही बिघडलं की झाकण उघडून फुंकर मारतात. आज इंजिनाच्या पोटात चार फुंकरा मारल्या आणि म्हणाले, "आता बघा!" इंजीन दोन फेऱ्या चाललं आणि थांबलं. तरी सगळे त्यांच्याबरोबर हसले. मी उभा होतो तिथे कोणी आलं नाही.

भिंतीवरचा वायफायचा डबा बंद करून पाहिला. फरक नाही.

घरी येताना गाडीत बाबा म्हणाले, "नववीत शाळा सोडलेला शास्त्रज्ञ! दादाला विचार. तो शिकलाय."

गाडी तेच चालवतात. मी शेजारी, मांडीवर इंजीन.

११ फेब्रुवारी, बुधवार

मला वाटतं दोष पितळेचा आहे. रिसीव्हरची अँटेना बंद पितळी डब्यात आहे. पितळ रेडिओला अडवतं. टीव्हीच्या दुकानात शिकलो ते, पुस्तकातही वाचलं. छताला एक बारीक भोक पाडून अँटेना बाहेर काढली की झालं.

बाबांना विचारलं. वर्तमानपत्र समोर धरून बसले होते. उत्तरच नाही. भिंतीकडे बघत राहिले, तोंडात काही चघळल्यासारखे ओठ हलवत. मी पुन्हा विचारलं. तरी नाही. मग एकदम, "काय म्हणालास?"

इतका मी क्षुल्लक! माणूस कुत्र्यालासुद्धा हाड म्हणतो.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "माझ्या इंजिनाला भोक? हात लावून दाखव."

१२ फेब्रुवारी

भोक नाही पाडलं. वायर खालून, चालकाच्या केबिनच्या फळीखालून काढली आणि टोक बाहेर ठेवलं. कोणाला दिसणारही नाही.

अंतर मोजून पाहिलं. मी रिमोट घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, आई अंगणातून ओरडून सांगत होती, "चालतंय! अजून चालतंय!" शंभर पावलं! हॉल पस्तीस पावलांचा आहे.

आनंद झाला. कबूल करतो, झाला.

१५ फेब्रुवारी, रविवार

हॉलमध्ये थांबलं. दोनदा. बाबांपासून सहा पावलांवर.

१६ फेब्रुवारी

दादाचा फोन. दुसऱ्या शहरात इंजिनिअर आहे, पुलांचा. रेडिओशी त्याचा संबंध गाणी ऐकण्यापुरता. म्हणाला, "बाबा, रिमोटच्या अँटेनाचं टोक इंजिनावर रोखून धरू नका. टोकातून संदेश सगळ्यात कमी जातो. आडवी धरा."

बाबा फोन ठेवून आईला म्हणाले, "बघ! याला म्हणतात शिक्षण."

हेच मी जानेवारीत सांगितलं होतं. ह्याच वहीत आहे, तारखेसकट. तेव्हा म्हणाले होते, "मला रिमोट धरायला शिकवू नकोस."

१९ फेब्रुवारी

बाबा चार दिवस अँटेना आडवी धरतायत. पट्टीने आखल्यासारखी. इंजीन तरीही थांबतं. पण त्याचं खापर दादावर फुटत नाही!

२२ फेब्रुवारी, रविवार

गेलो नाही. डोकं दुखतंय सांगितलं. बाबा एकटे गेले, परत आले. "थांबलं का?" विचारलं. "तुला काय वाटतं?" म्हणाले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक गोष्ट सापडली आणि मला ती अजिबात आवडलेली नाही.

रिसीव्हरवर एक छोटा दिवा आहे. संदेश येत असेल तर स्थिर जळतो, तुटला की लुकलुकतो. पण तो पितळेच्या आत. इतके दिवस मी आंधळ्यासारखा बाहेरून अंदाज बांधत होतो! दिव्याला दोन वायरी जोडून तो केबिनच्या खिडकीत आणला. आता इंजीन थांबलं की दिवा बघायचा.

बाबांनी चालवलं. अकराव्या मिनिटाला थांबलं. मी रुळाजवळ उकिडवा बसलो होतो, नाक खिडकीला लावून.

दिवा स्थिर. एकदाही लुकलुकला नाही.

म्हणजे संदेश तुटतच नाहीये. संदेश येतोय, आणि त्यात लिहिलंय: शून्य.

२५ फेब्रुवारी

मग दोष रिमोटमध्ये. दांडीखालचा भाग झिजला असेल. उघडला, साफ केला. समाधान होईना म्हणून माझ्या जुन्या रिमोटमधली दांडी काढून ह्यात बसवली. ह्याची दांडी त्यात. पाच तास गेले. आईने ताट झाकून ठेवलं होतं.

मी चाळीस मिनिटं चालवलं. नाही थांबलं.

बाबा. वीस मिनिटं. दोनदा.

"माझा अंगठा हललेला नाही!" बाबा ओरडले. मी काही म्हटलंच नव्हतं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

फोन खिडकीच्या गजाला बांधला आणि बाबांचं चित्रीकरण केलं. त्यांना सांगितलं, इंजिनाचं करतोय.

पाहिलं. पुन्हा पाहिलं.

नवव्या मिनिटाला बाबांचा चेहरा थांबतो. दुसरा शब्द मला सुचत नाही. डोळे उघडे. ओठ चघळल्यासारखे हलतात. अंगठा दांडीवरून घसरतो आणि हात तसाच हवेत. दहा सेकंद. मग डोळे मिचकावतात, अंगठा पुन्हा दांडीवर, आणि लगेच माझ्याकडे बघून, "थांबलं बघ तुझं!"

त्यांना कळतच नाही. त्यांच्या लेखी मधले दहा सेकंद झालेलेच नाहीत.

वही काढली आणि सगळे थांबे वाचले. नऊ, सात, अकरा, आठ, अकरा. मी इंजिनाचं दुखणं लिहीत होतो!

१ मार्च, रविवार

गाडीत सरळ विचारलं, "बाबा, तुम्हाला मधेच चक्कर येते का? काही दिसेनासं होतं?"

"येते की. तुझा रेडिओ बघितला की."

चौकात लाल दिव्याला गाडी थांबली तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होतो. ते म्हणाले, "माझ्या तोंडाकडे काय बघतोस? पुढे बघ."

३ मार्च, मंगळवार

चित्रीकरण दाखवलं. आई, बाबा, आणि फोनवर दादा. कालपासून वाक्यं जुळवत होतो. एकही नीट बाहेर पडलं नाही.

बाबांनी पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "इंजीन थांबलं म्हणून मी अंगठा उचलला. थांबलेल्या इंजिनाची दांडी दाबून ठेवायला मी काय येडा आहे?"

चित्रात इंजीन दिसतच नाही. आधी काय थांबलं, अंगठा की इंजीन, हे मला सिद्ध करता येत नाही. दिव्याचं सांगितलं तर म्हणाले, "दिवा तुझा, वायर तुझी, वही तुझी."

आई बोलली ते जास्त लागलं. "तुला जमत नाही तर तसं सांग रे. बापाला आजारी कशाला ठरवतोस?"

दादा म्हणाला, "हे बघ, तुझं खरं असेल तर प्रदर्शनात दिसेलच. सगळ्यांसमोर थांबलं तर मी स्वतः रजा काढून येतो आणि बाबांना डॉक्टरकडे नेतो. नाही थांबलं तर तू हा विषय बंद. कबूल?"

बाबा म्हणाले, "कबूल."

मला कोणी विचारलं नाही.

६ मार्च

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. निरोप आईमार्फत. "त्याला सांग, चाकांचं तेल संपलंय." मी समोर बसलेलो असतो!

१० मार्च, मंगळवार

सचिवांनी दुरुस्तीची खोली दाखवली. उत्तरेची खिडकी, लांब टेबल, भिंतीवर हत्यारांचे आकार काढलेत, प्रत्येकाची जागा ठरलेली. एक पक्कड चुकीच्या जागी होती, ती मी हळूच बदलली. सचिवांनी पाहिलं आणि हसले. "तू इथेच शोभतोस. फक्त तेवढा अर्धा तास निभाव रे बाबा."

त्या टेबलाशी मला बसायचंय. दुसरं काही मागणं नाही माझं.

१४ मार्च

उद्या इंजीन थांबलं तर बाबा डॉक्टरकडे जातील आणि माझी नोकरी जाईल. नाही थांबलं तर उलटं. दोन्ही वाक्यं लिहून पाहिली. दोन्हींत शुद्धलेखनाची चूक नाही.

१५ मार्च, रविवार

थांबलं नाही. पस्तीस मिनिटं.

खरं काय ते इथे तरी लिहितो. सकाळी हॉलमध्ये बाबा चाकांना तेल देत होते, तेव्हा मी रिसीव्हर माझ्या जुन्या रिमोटशी जोडून टाकला. रिसीव्हर एका वेळी एकाच रिमोटचं ऐकतो. बाबांच्या हातातल्या रिमोटचा दिवा जळत होता, पण तो नुसताच जळत होता. मी मागे खांबाला टेकून उभा होतो. रिमोट पिशवीत, हात पिशवीत, नजर बाबांच्या अंगठ्यावर. त्यांनी दांडी ढकलली की मी ढकलायची. सोडली की सोडायची. इतका बारकाईने मी त्यांच्याकडे आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. वळणावर ते जरा आधी वेग कमी करतात. पुलावर आणखी थोडा. मग चढाला एकदम मोकळा. काय सुरेख चालवतात!

बाविसाव्या मिनिटाला त्यांचा अंगठा घसरला. चेहरा तोच. मी माझा अंगठा तसाच ठेवला. इंजीन बोगद्यात गेलं, बाहेर आलं, शंभर माणसं त्याच्या मागे माना वळवत होती आणि इंजीन चालवणाऱ्याकडे कोणी बघत नव्हतं. मी मनात मोजलं. अकरा. मग बाबा परत आले, अंगठा दांडीवर, आणि त्यांना वाटलं, त्यांनी ती सोडलीच नव्हती.

टाळ्या! फुंकरकाका ओरडले, "माझ्या फुंकरीचा गुण!" बाबांचे डोळे भरले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शेवटी जमलं बुवा तुला," म्हणाले. सगळ्यांसमोर.

किती वर्षांनी! आणि कशाबद्दल!

मी स्वतःला सांगितलं, बाबांची अब्रू राखली. पिशवीतला हात घामाने भिजला होता. कोणाची अब्रू, ते त्या हाताला पुरतं ठाऊक होतं.

१६ मार्च, सोमवार

खोलीची चावी मिळाली. एक तारखेपासून रुजू. आईने नवा शर्ट काढून ठेवला.

दादाचा फोन. "मग डॉक्टरसाहेब? कुठे गेलं तुमचं निदान?"

१८ मार्च, बुधवार

रविवारी बाबा आईला घेऊन दादाकडे निघालेत. गाडीने. स्वतः चालवत. चार तासांचा रस्ता, त्यात घाट.

"बसने जा ना," मी म्हटलं.

"का? पस्तीस मिनिटं शंभर माणसांसमोर हात हलला नाही माझा. तुझ्यादेखत! आता पुन्हा तोंड उघडलंस तर बघ."

वाफेसारखं उडून जावं असं वाटलं. तो एकच पुरावा होता आणि तो मी माझ्या हातांनी, माझ्या टेबलापायी, पुसून टाकला.

१९ मार्च, गुरुवार

सांगितलं. दुसरा रिमोट, पिशवी, खांब, सगळं. रिमोट समोर ठेवला.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला आधी वाटलं, पुन्हा तेच. नव्हतं. बघत होते माझ्याकडे, चांगले टक लावून. मग म्हणाले, "म्हणजे तेवढंही मला मिळू द्यायचं नाही तुला."

"बाबा, शपथ घेऊन—"

"चार वर्षं खपलो मी त्या इंजिनावर. आणि चालवलं म्हणे ह्याने! पिशवीतून!"

आई म्हणाली, "नोकरी मिळाली ना? मग आता काय हवंय तुला?" ती रडत होती. रविवारच्या बॅगेत बाबांचे कपडे भरत होती आणि रडत होती.

२० मार्च, शुक्रवार

मी गाढव आहे. एका वेळी एकच बदल, हे मीच लिहिलं ना ह्या वहीत?

घरच्या चित्रीकरणात दोन्ही गोष्टी एकदम थांबत होत्या, अंगठाही आणि इंजीनही. म्हणून कोण आधी ते सांगता येत नव्हतं. पण रविवारी इंजीन थांबलंच नाही. फक्त बाबा थांबले. हॉलच्या कोपऱ्यात कॅमेरा असतो आणि त्यात चालवणारा, रूळ आणि मागचा खांब, सगळं येतं. इंजीन धावतंय आणि दांडीवर अंगठा नाही! "इंजीन थांबलं म्हणून उचलला" असं आता म्हणताच येणार नाही.

चित्रीकरण सचिवांकडे आहे. ते विचारतील, कशाला हवंय. आणि मला खोटं सांगून ते मागता येईलही. पण मग बाविसाव्या मिनिटाचा अर्थ घरी सांगताना त्यांची साक्ष लागेल, मागे खांबाशी मी काय करत होतो त्याची. माझ्या शब्दाला तर घरात आता कवडीची किंमत नाही.

२१ मार्च, शनिवार, दुपार

सांगितलं सगळं. सचिवांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. त्यांनी माझ्याबरोबर बसून ते पाहिलं. दोनदा.

मग म्हणाले, "वडिलांना आजच दाखव. मी फोन करतो घरी, जे पाहिलं ते सांगतो." आणि थोड्या वेळाने, खिडकीकडे बघत, "पण चावी ठेवून जा. मंडळाला फसवलंस तू. उद्या कोणाचं इंजीन तुझ्या हातात देताना मला हेच आठवणार."

चावी टेबलावर ठेवली. सरळ ठेवली, कडेला समांतर.

२१ मार्च, संध्याकाळ

बाबांनी उभ्यानेच पाहिलं. आई बॅगेवर बसली होती, भरलेल्या. दुसऱ्यांदा लाव म्हणाले. तिसऱ्यांदा स्वतःच्या बोटाने मागे नेलं, जिथे इंजीन बोगद्यातून बाहेर येतं आणि सगळे तिकडे बघतात, आणि ते एकटेच बघत नाहीत.

"इथे थांबव," म्हणाले.

थांबवलं.

पडद्याच्या अगदी जवळ गेले. बराच वेळ स्वतःचे डोळे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून, मी कधीच न ऐकलेल्या आवाजात, विचारलं, "अरे, मी बघतोय कुठे?"